खारकोंडचं टेंगूळ

मंगळवारी सकाळी अमिषानं ऑफिसात येऊन पर्स टेबलावर टाकली, सवयीनं स्क्रीन चालू केली, चहाचा कप तोंडाकडे नेला आणि तो तसाच हातात धरून राहिली. खारकोंडच्या हवेच्या रेघेला टेंगूळ आलं होतं. रात्रभर वरखाली होत चाललेली रेघ उजाडायच्या सुमाराला एकदम उठली होती, वर थोडा वेळ रेंगाळली होती आणि मग सावकाश खाली येऊन पुन्हा आपल्या वाटेला लागली होती. हे टेंगूळ तिच्या ओळखीचं होतं. जवळजवळ वर्षभर ते तिनं रोज पाहिलं होतं, मग स्वतःच बंद पाडलं होतं, आणि ज्या बाईच्या चुलीमुळे ते यायचं ती बाई, म्हणजे अमिषाची आई सोनूबाई, जाऊन अजून महिनासुद्धा झाला नव्हता. दिवसकार्याचे पाहुणे पांगले होते. घरात तिचा बाप, आबा, एकटा होता. माणसानं दोन पदव्या घेतल्या, हवेचं गणित मांडून लोकांना शहाणपण शिकवलं, तरी अशा वेळी पहिला विचार काही शहाणपणाचा येत नाही. अमिषाच्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की आई उठली. त्या एका क्षणात तिला इतकं हलकं वाटलं, की पुढच्या क्षणी खरं काय ते आठवल्यावर तिनं चहा न पिताच खाली ठेवला.

बेलापूरच्या त्या ऑफिसात हवा मोजायचं काम चाले. रस्त्याकडेला, शाळांवर, नाक्यांवर छोट्या पेट्या बसवायच्या. त्या हवेतले बारीक धूलिकण मोजून आकडे पाठवत राहतात. मग वारा कुठून येतो, गाड्या किती जातात, त्यातल्या अवजड किती, हे सगळं एका मॉडेलात घालायचं, आणि मॉडेल सांगतं की अमुक रस्त्यानं गाड्या सोडल्या तर कुणाच्या छातीत किती धूळ जाईल. निर्णय साहेबलोक घेतात. त्यांच्यापुढे आकडा ठेवणं एवढंच यांचं काम. खारकोंडचा प्रश्न सरळ होता. उरणकडच्या खाडीकाठचं हे अमिषाचं गाव. जुनी मिठागरं बुजवून तिथे कंटेनरची यार्डं झाली, आणि हायवेचा टोल आणि कोंडी चुकवायला ट्रेलर गावातून जाणाऱ्या बांधावरच्या रस्त्यानं घुसायला लागले. रस्ता मूळचा मीठ वाहणाऱ्या बैलगाड्यांसाठी केलेला. तो अवजड गाड्यांना बंद करायचा की नाही, हे शुक्रवारी अलिबागला समितीच्या बैठकीत ठरायचं होतं. गावातल्या पोरांना पावसाळा संपला तरी खोकला सुटत नव्हता, वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत करडे होत होते, आणि सोनूबाईला विहिरीपासून ओटीपर्यंत यायला मध्ये एकदा बसावं लागत होतं. हे काम अंगावर घेताना अमिषाच्या डोळ्यांपुढे ती बसलेली आईच होती.

पेटी बसवायला मात्र गावात जागा मिळेना. शाळेची गच्ची गळकी, देवळाच्या कमिटीत दोन तट, आणि बाकीच्या घरांचं म्हणावं तर घरटी कुणाचा ना कुणाचा ट्रेलर. जमिनी गेल्या तेव्हा आलेल्या पैशातून आगरी पोरांनी गाड्या घेतल्या; आता त्याच गाड्यांची धूळ त्यांच्याच आईबापांच्या ताटात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? अमिषाच्या भावाचे, परेशचेही दोन ट्रेलर होते. तो बायकामुलांसह उलव्याला फ्लॅटमध्ये राहायचा आणि बहिणीच्या कामाविषयी बोलणं निघालं की हसून दुसरं काहीतरी काढायचा. शेवटी आबा म्हणाला, आपल्या गच्चीवर लाव. घर रस्त्याला लागून, वीज कायम, हात लावणारं कुणी नाही. मागच्या अंगणात आईची चूल आहे हे अमिषाला ठाऊक होतं. पेटी पुढच्या कठड्याला लावली की तिथवर धूर कशाला येतोय, असं तिला वाटलं. पण पहाटेचा वारा जमिनीवरून खाडीकडे सुटतो, आणि मागचं अंगण वाऱ्याच्या वरच्या बाजूला होतं. शिकवणीत हा धडा तिनं दुसऱ्यांना कितीदा समजावून दिला होता; आपल्या घराला तो लागू पडेल हे काही सुचलं नाही.

पहिल्याच आठवड्यात टेंगूळ दिसलं. हे नाव ऑफिसातल्या तिच्या वरिष्ठांनी, सुजित सरांनी ठेवलेलं. सर मूळचे साताऱ्याकडचे, मिशीत हसणारे, आकड्याच्या बाबतीत मात्र सख्ख्या भावालाही न सोडणारे. ते म्हणाले, तुमच्या गावाच्या डोक्यावर रोज सकाळी कोण टोला हाणतं? अमिषा हसली आणि बघते म्हणाली. बघायचं काय होतं? तिला नक्की ठाऊक होतं. घरात गॅस येऊन इतकी वर्षं झाली, पण आंघोळीचं पाणी आईनं कधी गॅसवर ठेवलं नाही. गॅसचं पाणी अंगाला लागत नाही म्हणायची. मिठागरात उभ्या राहणाऱ्या माणसांच्या पायांना खाऱ्या पाण्यानं जखमा पडत. काम आटोपून आलं की आधी कढत पाण्यात पाय बुडवायचे, मगच बाकीचं जग. मिठागर गेलं, जखमा बुजल्या, पायांची सवय तेवढी राहिली. परेशच्या गाडीतून यार्डातली मोडकी लाकडी फळकुटं यायची, ती आबा कुऱ्हाडीनं फोडून ठेवायचा, आणि अंधुक असतानाच आई उठून मागच्या दारी जाळ करायची. लहानपणी अमिषाला जाग यायची ती त्या वासानं. डोळे न उघडता ती पडून राहायची, बाहेर आईच्या बांगड्या आणि टोपावरचं झाकण वाजायचं, आणि आपण जगात एकटे नाही याची इतकी पक्की खात्री तिला नंतर कधी, कुठल्याही घरात वाटली नाही. आता बेलापूरच्या भाड्याच्या खोलीत कुकरच्या शिट्टीनं तिचा दिवस सुरू व्हायचा. पण ऑफिसात येऊन स्क्रीन लावली की ते टेंगूळ दिसायचं. आई उठली. पाणी ठेवलं. आज जरा उशीर झाला, गुडघा दुखत असणार. आज टेंगूळ रुंद आहे, लाकूड ओलं असेल. फोन तिचा आठवड्यातून एकदा जायचा. तेवढ्यावर भागायचं, कारण आईची खबर रोजच मिळत होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या धुराला आपण अहवालात प्रदूषण म्हणतो त्याची आपण रोज सकाळी वाट पाहतो, हे सांगायचं तरी कुणाला आणि कसं?

मग ट्रेलरवाल्यांच्या संघटनेनं आपला माणूस नेमला. विनेश नावाचा, पनवेलचा, अमिषाच्याच कॉलेजातून दोन वर्षं आधी बाहेर पडलेला. आकडे सगळ्यांना खुले होते, त्यानंही ते पाहिले आणि पहिल्याच बैठकीत म्हणाला, गावकऱ्यांच्या स्वतःच्या चुली धूर ओकतात आणि बिल आमच्या गाड्यांवर फाडतात. चोराच्या उलट्या बोंबा, असं सुजित सर बाहेर आल्यावर म्हणाले. पण त्यांनीच पुढे हेही म्हटलं, की त्या टेंगळामुळे त्याला बोट ठेवायला जागा मिळते, तेवढं गेलं पाहिजे. त्या रविवारी अमिषा खारकोंडला गेली. जेवणं झाल्यावर आईजवळ बसून तिनं विषय काढला तो छातीचा. धूर तुझ्या छातीला वाईट, डॉक्टरपण हेच म्हणतील, पाणी गॅसवर ठेव नाहीतर मी गीझर बसवून देते. यात खोटं काही नव्हतं. धूर वाईटच होता. पण खरं बोलूनही माणूस लबाडी करू शकतो, आणि आपण ती करतोय हे बोलतानाच तिला कळत होतं. आईनं सुपारी कातरता कातरता तिच्याकडे बघितलं.

"तुजे कामान आरवी येते काय माजी चूल?"

"नाय गं आये. तुज्या छातीसाटी बोलतंय."

"बरं," आई म्हणाली. आणि कातरलेली सुपारी तिच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून टेंगूळ नाहीसं झालं. इतकं पटकन ते जाईल असं अमिषाला वाटलं नव्हतं. आई वाद घालेल, चार दिवस बंद करून पुन्हा पेटवेल, असं काहीतरी तिनं धरलं होतं. रेघ मात्र रोज तशीच, पहाटेही सपाट. सुजित सर खूश झाले. अमिषालाही आनंद झाला, आणि त्या आनंदात थोडं बारीक दुखतही होतं. पण बारीक दुखण्याकडे नोकरी करणारं माणूस कुठे लक्ष देतं? गीझर बसवायचं पुढच्या रविवारवर गेलं, मग त्याच्या पुढच्या. गॅसवर पाणी ठेवशील ना, असं तिनं फोनवर विचारलं, आई म्हणाली ठेवते. ठेवत नव्हती. थंड पाण्यानंच अंघोळ करत होती, हे आबानं नंतर सांगितलं. उठायची मात्र त्याच वेळी. मागच्या दारी जायची, थंड चुलीपाशी बसायची, आणि उजाडल्यावर आत यायची. ज्या सकाळी ती तिथेच कलंडली, त्या सकाळी आबा नातवाला ताप म्हणून उलव्याला परेशकडे राहिला होता. दारचं कुत्रं भुंकलं नाही, की शेजारी कुणाची झोप मोडली नाही. आणि अमिषा त्या सकाळी ऑफिसात होती, स्क्रीनपुढे, आणि सपाट रेघेवर बोट फिरवून सुजित सरांना दाखवत होती, की बघा सर, आजची सकाळ सगळ्यांत स्वच्छ.

हे एवढंच तिला सहन होत नसे. मरण प्रत्येकाला आहे, आईचं वय झालं होतं, छाती अधू होती. डॉक्टर म्हणाले, जवळ कुणी असतं तरी काय सांगावं. ते सगळं तिनं ऐकलं, मानही डोलावली. पण शेजारची येसूबाई दिवसकार्यात तिच्याजवळ बसून रडली तेव्हा जे बोलली ते तिच्या डोक्यातून जाईना. येसूबाई आईच्या बरोबरीची, मिठागरातली जोडीदारीण. ती म्हणाली, "पैले तुमचे मागले दारान धूर नाय दिसला का मी हाक मारायची. हल्ली दिसतच नव्हता, मंग मना कसा कलनार?" तिनं दोष दिला नव्हता. आपलीच चूक झाली असं समजून ती बिचारी माफी मागत होती. अमिषानं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. सांगायला हवं होतं, की येसूकाकी, तुझी चूक नाही, तो धूर मी विझवला. जीभ रेटली नाही.

आणि आता हे टेंगूळ. सुजित सर दुपारी तिच्या टेबलापाशी आले तेव्हा त्यांनीही ते पाहिलं होतं. आईचं नुकतंच झालेलं, त्यामुळे त्यांना बोलायला जड जात होतं. खुर्ची ओढून बसले, तिच्या पेनाचं टोपण काढलं, घातलं. मग म्हणाले, वडील पेटवत असतील, त्यांना आत्ताच काही म्हणणं बरं नव्हे, पण शुक्रवारपर्यंतचाच प्रश्न आहे. उरलेल्या तीन सकाळी स्वच्छ मिळाल्या तर विनेशला बोलायला जागा नाही. एक रस्ता बंद झाला तर सगळ्या गावाचा श्वास मोकळा होणार आहे, अमिषा. हेही खरंच होतं. खरं बोलणाऱ्या माणसांचा तिला त्या दिवशी फार राग आला, आणि त्यांत ती स्वतःही होती. अर्धी रजा टाकून ती निघाली. उरणच्या गाडीतून उतरून रिक्षा केली. बांधावर ट्रेलरची रांग लागलेली. रिक्षावाल्यानं खिशातला रुमाल काढून तोंडाला बांधला आणि तिलाही बांधायला सांगितलं. वाटभर ती शब्द जुळवत होती. आबा, फक्त शुक्रवारपर्यंत. आबा, आईसाठीच चाललंय हे. जुळवलेलं प्रत्येक वाक्य तिला आईपुढे बोललेल्या वाक्यासारखं वाटत होतं, आणि रिक्षा घरापाशी थांबली तेव्हा तिच्याकडे एकही धड वाक्य उरलं नव्हतं.

आबा मागच्या अंगणात फळकुटं फोडत होता. आबा, म्हणजे गावाचा धर्मा, एके काळचा मिठागरातला दांडगा गडी. आता कुऱ्हाड उचलताना कोपर थरथरायचं. तिला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही. बस म्हणाला, आत जाऊन कोरा चहा करून आणला, साखर जास्त झाली. बायकोच्या हातचं सगळं आयुष्यभर खाल्लेल्या माणसानं केलेला तो चहा पिताना अमिषाला रडू फुटलं नाही, हेच नवल. इकडचं तिकडचं झालं. परेश उलव्याला चल म्हणतो, याला जायचं नाही. मग आबाच चुलीकडे बघून म्हणाला, पेटवाया लागलूय. ती म्हणाली, दिसलं मना. त्यानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

"तुजी आय परून ऱ्हायली, कुनाला कललं नाय," तो म्हणाला. "मी येकटा हाय. धूर निगाला का येसूला कलतं, म्हातारा उठला. नाय निगाला तर ती यील बगाला. मना बाकी काय नको बाय. परून ऱ्हायाची भीती वाटते."

कुणाला न कळता पडून राहायची भीती. आबाच्या तोंडून हा शब्द तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकला. खाडी फुटून बांध वाहून गेला तेव्हाही हा माणूस छातीभर पाण्यात उभा राहून इतरांवर ओरडत होता. त्यानं विचारलं, काही काम काढून आलीस का? ती म्हणाली, नाय, असंच. संध्याकाळी परत जाताना तिला मोकळंही वाटत होतं आणि गावाशी दगा केल्यासारखंही. दोन घरांपलीकडे ओटीवर एक बाई मांडीवरच्या पोराला वाफ देत होती. त्या पोराच्या छातीचा आवाज रस्त्यावर येत होता, आणि अमिषा मान खाली घालून पुढे गेली. कुणाची बाजू घेतली असती तरी कुणाचा तरी श्वास अडणारच होता, आणि तिनं आपल्या माणसाचा राखला. यात न्याय काही नाही हे तिला कळत होतं.

शुक्रवारी विनेशनं पडद्यावर मंगळवारपासूनच्या चारही सकाळच्या रेघा लावल्या आणि टेंगळावर लाल ठिपका फिरवला. फार सौम्यपणे बोलला. मॅडम, मॉडेल तुमचं उत्तमच असेल, पण ज्या पेटीवर सगळं उभं आहे तिच्या शेजारी चूल पेटते. मग बाकीचे आकडे तरी आम्ही कशावर मानायचे? सुजित सरांनी समजावून पाहिलं, की टेंगूळ तासाभराचं, धूळ दिवसरात्र, गाड्या वाढल्या की आकडा वाढतो हे कुणालाही दिसेल. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, ही चूल कुणाची आहे, ती बंद करता येत नाही का? सभागृहात थोडं हसू झालं. अमिषा उठली. उठताना तिला ठाऊक होतं की याचा परिणाम काय होणार.

"चूल माझ्या घरची आहे," ती म्हणाली. "पेटीही माझ्याच घरावर आहे. माझे वडील एकटे राहतात, आणि ती बंद करायला मी त्यांना सांगणार नाही."

याच्यापुढे तिला खूप बोलायचं होतं. माणसाला जगवतो तो धूर आणि माणसाला मारतो तो धूर मॉडेलला वेगळा करता येत नाही, पण आपल्याला यायला हवा, असं काहीतरी. ते बोलायची जागा ती नव्हती. समितीनं ठरवलं की पेटी गावात दुसऱ्या, त्रयस्थ जागी बसवावी, पूर्ण वर्षभराचे आकडे घ्यावेत आणि मग विचार करावा. तोवर रस्ता आहे तसा. विनेशनं बाहेर येऊन आई गेल्याचं ऐकलं, वाईट वाटलं, असं म्हटलं, आणि त्याला खरंच वाटलं होतं. सुजित सर गाडीनं पनवेलपर्यंत बरोबर आले. उतरताना तेवढं म्हणाले, तुमच्या जागी मीही असतो तर हेच केलं असतं बहुतेक. त्या 'बहुतेक'बद्दल तिला त्यांचा आदर वाटला.

शनिवारी सुट्टी होती, तरी सकाळी अंथरुणातच तिनं लॅपटॉप उघडला. खारकोंडची रेघ सपाट होती. उजाडून गेलं, ऊन खिडकीत आलं, रेघ सपाटच. तिनं पुन्हा पुन्हा पान ताजं केलं. मग आबाचा फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. येसूबाईचा नंबर तिच्याकडे नव्हता. इतक्या वर्षांत तो घ्यावा असं तिला कधी वाटलं नव्हतं. परेशला लावला, आबा फोन उचलत नाही म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला की काल रात्री मीच आबाला बैठकीचं सांगितलं, म्हटलं तुझ्या चुलीपायी रस्ता राहिला उघडा, मस्करीत गं, तू लगेच मनाला लावून घेऊ नको. तिनं त्याचं पुरतं ऐकलंही नाही. पुन्हा आबाला लावला. या वेळी उचलला. पलीकडे श्वास ऐकू आला.

"आबा, पेटवली नाय ती?"

"नाय पेटवली," आबा म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "परेश बोलला, तुजे कामाचं नुसकान झालं. मना आधी सांगाचं ना बाय. आता बग, बराबर हाय काय तुजी रेग?"

"पेटव आबा. आत्ता पेटव. माजं काय नुसकान नाय."

"आता कशाला? थंड पान्यानं झाली माजी आंघोल."

तिला पुढे काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात पलीकडे बांधावरून कंटेनरची गाडी आली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. आबाचा आवाज त्यात बुडाला. खारकोंडच्या माणसांना त्याची सवय असते. गाड्या जाईपर्यंत दोघंही फोन कानाला लावून थांबली.